तुमच्या माघारी बोललं जाणारं वाक्य

पहाटे बीड जिल्ह्यातल्या आष्टी, पाटोदा, गेवराई, केज यांपैकी कुठल्याही गावाच्या बाहेर पडा. भरतीची तयारी करणारी पोरं घोळक्याने धावताना दिसतील. कुणाच्या डोक्यात पोलिस भरतीचं १६०० मीटर असतं, कुणाच्या डोक्यात सैन्याचं. त्यांत पायाने चपळ असलेली पोरं थोडीथोडकी नाहीत. तरी ‘बीडचा धावपटू’ म्हटलं की महाराष्ट्राच्या तोंडी एकच नाव येतं, अविनाश साबळे.

बाजारपेठेतही हेच दिसतं. मोटार रिवाइंडिंगची दोन दुकानं शेजारी शेजारी असतात. दोघांचा हात सारखाच चालतो, तार सारखीच, दरही जवळपास सारखा. तरी एका दुकानापुढे उन्हाळ्यात जळालेल्या मोटारींची रांग असते आणि दुसरा दुपारभर रस्त्याकडे बघत बसतो. ‘त्याचं नशीब’ म्हणून आपण विषय संपवतो. नशिबाचा वाटा असतोच, पण नाव होण्यामागे एक रीतसर यंत्रणा आहे आणि ती समजून घेता येते.

‘पर्सनल ब्रँड’ हा शब्दप्रयोग १९९७ मध्ये टॉम पीटर्स या अमेरिकी लेखकाच्या ‘फास्ट कंपनी’ मासिकातल्या एका लेखामुळे जगभर गाजला. पुढे त्याला चकचकीत फोटो, सोशल मीडियावरचं खातं, भारदस्त इंग्रजी असा अर्थ चिकटला आणि खेड्यातल्या पोराला वाटायला लागलं, हे आपलं काम नाही. मला ते मुळीच पटत नाही. तुम्ही समोर नसताना कुणीतरी तिसऱ्या माणसाला तुमच्याविषयी एक वाक्य सांगतं. ते वाक्य छोटं असलं, नेमकं असलं आणि दर वेळी खरं ठरलं, की तुमचं नाव झालं. हे वाक्य कसं तयार होतं, कसं पसरतं आणि कुणाच्या बाबतीत ते तयारच होऊ दिलं जात नाही, ते बीडच्याच उदाहरणांवरून पाहू.

बंद फळाचा भाव

बालाघाटच्या डोंगररांगांतल्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आता गिऱ्हाइकाच्या जागी उभे राहा. पाटीत सीताफळं रचलेली आहेत. आत गर किती, बिया किती, गोडी किती, हे फोडल्याशिवाय कळत नाही, आणि फोडून बघायला विक्रेता देत नाही. मग गिऱ्हाईक बाहेरची खूण शोधतं. डोळे उघडलेत का, खाचा पिवळसर झाल्यात का, हे बघतं. मानांकन हीसुद्धा तशीच एक खूण. अनोळखी गिऱ्हाइकाला ते सांगतं की हे फळ कुठल्या मातीतलं आहे आणि त्या मातीतल्या फळाची ख्याती काय आहे.

तुमचं कौशल्य असंच बंद असतं. तुम्ही किती चांगले शिक्षक, वेल्डर, नर्स किंवा हिशेबनीस आहात, हे तुम्हाला कामावर घेतल्याशिवाय कुणालाही कळत नाही, आणि कळण्याआधीच त्याला निर्णय घ्यायचा असतो.

या अडचणीवर जॉर्ज अकरलॉफ या अर्थतज्ज्ञाने १९७० मध्ये जुन्या मोटारगाड्यांच्या बाजाराचं उदाहरण घेऊन एक निबंध लिहिला. विकणाऱ्याला गाडीची खोट ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. त्यामुळे घेणारा सगळ्याच गाड्यांना मधला, सावध भाव देतो. त्यात चांगल्या गाडीवाल्याचं नुकसान होतं आणि तो बाजारातून निघून जातो. मायकेल स्पेन्सने १९७३ मध्ये हाच विचार नोकरीच्या बाजाराला लावला. चांगल्या माणसाने आपला चांगुलपणा ओळखू यावा म्हणून अशी खूण दाखवावी, जी कच्च्या माणसाला दाखवणं परवडणार नाही. २००१ च्या अर्थशास्त्राच्या नोबेलमध्ये जोसेफ स्टिग्लिट्झसोबत या दोघांचा वाटा होता.

स्पेन्सच्या या मुद्द्यावर जरा थांबायला हवं, कारण नोकरीचे बहुतेक अर्ज इथेच पडतात. ‘मी मेहनती, प्रामाणिक आणि वक्तशीर आहे’ हे आळशी माणूसही लिहू शकतो. लिहायला काही लागत नाही, म्हणून वाचणारा त्याला किंमत देत नाही. ‘सलग तीन हंगाम एकाच जिनिंगमध्ये हिशेब सांभाळला, ऑडिटमध्ये एकही नोंद अडली नाही, मालकांचा नंबर सोबत दिला आहे’ हे लिहायला आधी तीन हंगाम काम करावं लागतं. पडताळून बघता येईल अशी आणि स्वस्तात मिळणार नाही अशी गोष्टच खूण ठरते.

चौकाचौकांतल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सकडेही याच नजरेने पाहा. चेहरा मोठा असतो, खाली पन्नास शुभेच्छुकांचे फोटो असतात. रोज जाता-येता तो चेहरा पाठ होतो. पण हा माणूस नेमकं काय चांगलं करतो, हे त्या फ्लेक्सवरून कुणी सांगू शकत नाही. चेहरा ओळखीचा झाला, वाक्य मात्र तयार झालं नाही.

माणसाच्या आधी गाव पोचतं

खूण मिळाली नाही तर समोरचा गप्प बसत नाही. तो तुमच्या गटाविषयी जे ऐकलंय ते तुम्हाला लावतो. जिल्हा, आडनाव, बोली, कॉलेज, जे हाताला लागेल ते.

बीडच्या मुलांना हे वेगळं सांगायला नको. ‘दुष्काळी जिल्हा’, ‘ऊसतोड्यांचा जिल्हा’ ही लेबलं जुनीच. डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची निर्घृण हत्या झाली आणि त्यानंतर कित्येक महिने जिल्ह्याचं नाव गुन्हेगारीच्या बातम्यांतच येत राहिलं. एका माणसाला न्याय मिळावा म्हणून अख्खा जिल्हा तळमळत होता, आणि बाहेर त्याच जिल्ह्याच्या नावावर संशय चिकटत होता. पुण्यात खोली शोधणाऱ्या, मुलाखतीला बसणाऱ्या पोरापोरींना ‘बीडचे का?’ या प्रश्नातला सूर लगेच कळतो.

आडनावाचंही तसंच. आडनाव ऐकलं की जात, जात कळली की गट आणि गट कळला की माणसाविषयीचा निकाल, ही साखळी इतकी वेगाने चालते की मध्ये माणूस दिसतच नाही. २०२५ मध्ये बीड पोलिस दलात टेबलावरच्या पाट्यांवर आणि गणवेशावरच्या नेमप्लेटवर आडनाव न लिहिता फक्त नाव लिहायला सुरुवात झाली, ती यामुळेच. मला हा निर्णय फार मोलाचा वाटतो. पाटीवरून गट पुसला की माणसाला त्याच्या वागण्यावरून ओळखायची पाळी समोरच्यावर येते.

हा नियम उलट्या दिशेनेही चालतो. एखाद्या व्यक्तीविषयी ठोस माहिती मिळाली की गटाविषयीच्या ऐकीव माहितीचा जोर कमी होतो. म्हणून ज्याच्या गावाचं, समाजाचं किंवा भाषेचं नाव बाजारात खाली गेलेलं आहे, त्याला स्वतःचं स्वतंत्र वाक्य असण्याची गरज सगळ्यांत जास्त. मुंबईच्या नामवंत कॉलेजातल्या मुलाला कॉलेजचं नाव उसनं मिळतं. शिरूर कासारच्या मुलीला आपलं नाव स्वतः उभं करावं लागतं.

सगळ्यांच्या शर्यतीतून बाजूला

अविनाश साबळे आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा. जन्म १९९४ चा. घरची शेती थोडकी आणि शाळा सहा किलोमीटर दूर. बारावीनंतर तो सैन्यात, महार रेजिमेंटमध्ये गेला. सियाचीन झालं, राजस्थानचं वाळवंट झालं. २०१५ च्या सुमारास तो सैन्याच्या क्रॉस कंट्री शर्यतींत धावायला लागला. क्रॉस कंट्री म्हणजे माळरान, चढउतार, चिखल असं सगळं पार करत धावायचं. तिथे चांगले धावणारे पुष्कळ होते.

२०१७ मध्ये प्रशिक्षक अमरीश कुमार यांच्या हाताखाली तो ३००० मीटर स्टीपलचेसकडे वळला. या शर्यतीत २८ वेळा लाकडी अडथळा ओलांडायचा आणि ७ वेळा अडथळ्यावरून पाण्याच्या खड्ड्यापलीकडे झेपावायचं. अडथळा हलत नाही. पाय लागला तर माणूस पडतो. नुसता वेग असून भागत नाही, दम हवा आणि थकलेल्या पायाने पस्तिसाव्यांदा अचूक उडी घेण्याची सवय हवी. भारतात ही शर्यत आवडीने निवडणारे कमीच.

त्या वर्षी भारतीय पुरुषांचा या शर्यतीतला राष्ट्रीय विक्रम होता गोपाळ सैनी यांचा, ८ मिनिटं ३०.८८ सेकंद, आणि तो १९८१ पासून तसाच उभा होता. २०१८ मध्ये भुवनेश्वरला साबळेने ८:२९.८० अशी वेळ दिली. सदतीस वर्षांचा विक्रम जेमतेम एका सेकंदाने मोडला. त्यानंतर तो स्वतःचाच विक्रम पुन्हा पुन्हा मोडत राहिला. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ८:११.२० वेळेत रौप्य मिळालं, सुवर्ण हुकलं ते एका सेकंदाच्या विसाव्या भागाने. १९९८ पासून राष्ट्रकुलात या शर्यतीची तिन्ही पदकं केनियाकडेच जात होती, ती ओळ त्याने मोडली. २०२३ च्या हांगझाऊ आशियाई स्पर्धेत सुवर्ण. जुलै २०२४ मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये ८:०९.९१. पुढच्याच महिन्यात पॅरिस ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत तो उतरला. या शर्यतीत तिथवर पोचलेला तो पहिला भारतीय पुरुष.

या सगळ्यातून यंत्रणेचे तीन भाग वेगळे काढता येतात. पहिला, मैदान अरुंद केलं. ‘चांगला धावतो’ या वाक्यात हजारो जण बसतात, ‘स्टीपलचेस धावतो’ यात मोजके. दुसरा, पुरावा आकड्यात आला. वेळ घड्याळाने मोजली, त्यात कुणाच्या शिफारशीला जागा नव्हती. तिसरा भाग लोक सहसा विसरतात. एका विक्रमाने बातमी होते. वर्षामागून वर्षं तीच गोष्ट थोडी अधिक चांगली करत गेल्यावर लोकांना खात्री पटते. टोकियो ऑलिम्पिकमध्ये राष्ट्रीय विक्रम करूनही त्याची अंतिम फेरी हुकली होती. तिथे त्याने शर्यत बदलली असती, तर पॅरिसला पोचणारं वाक्य अर्धवटच राहिलं असतं.

अरुंद मैदान म्हणजे छोटं स्वप्न, असा अनेकांचा समज असतो. उलट, अरुंद वाटेवर माणूस लांब जातो.

सगळ्यांत श्रेष्ठ असण्याचीही अट नाही. बीडमध्ये जन्मलेले संजय बांगर १२ कसोटी खेळले. ऑगस्ट २००२ मध्ये हेडिंग्लेला ढगाळ हवेत, चेंडू दोन्ही बाजूंनी वळत असताना ते सलामीला गेले आणि ६८ धावा काढून राहुल द्रविडबरोबर १७० धावांची भागीदारी केली. त्याच डावात द्रविड, तेंडुलकर आणि गांगुली या तिघांची शतकं झाली, भारताने डावाने सामना जिंकला. तीन शतकांच्या त्या डावात क्रिकेटच्या जाणकारांना ते ६८ अजून आठवतात. कठीण वेळी नवा चेंडू जुना करून देणारा माणूस, हे ते वाक्य. २०१४ ते २०१९ या काळात तेच भारतीय संघाचे फलंदाजी प्रशिक्षक होते.

उठून दिसणं आणि आठवणीत राहणं

हेडविग फॉन रेस्टॉर्फ या जर्मन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९३३ मध्ये एक साधी गोष्ट प्रयोगाने दाखवली. सारख्या दिसणाऱ्या गोष्टींच्या यादीत एकच वेगळी असली, तर ती जास्त आठवते.

अंबाजोगाईचे दासोपंत हे याचं आपल्या घरातलं उदाहरण. एकनाथांच्या काळातला हा संतकवी. गीतेवरचा त्यांचा ‘गीतार्णव’ सव्वा लाख ओव्यांचा मानला जातो. तो पूर्ण वाचलेला माणूस शोधावा लागेल. पण दासोपंतांची पासोडी अंबाजोगाईत पोराबाळांनाही ठाऊक असते. सुमारे २४ हात लांब आणि अडीच हात रुंद कापडावर त्यांनी ‘पंचीकरण’ हा वेदान्तविषय लिहून काढला. कागदाच्या पोथ्या हजारो झाल्या, कापडावरची पोथी लोकांच्या मनात बसली.

इथे एक सावधगिरी हवी. पासोडीवर लिहिलेलं आहे ते शास्त्र, आणि लिहिणाऱ्याचा अधिकार त्या विषयात मोठा होता. आत काही नसताना नुसतं वेगळं दिसण्याचा आटापिटा केला, तर माणूस आठवतो पण काम आठवत नाही. वेगळेपण कामातून यावं. अभिनेते मकरंद अनासपुरेंची मराठवाडी बोली प्रेक्षकांना आवडली, कारण त्या बोलीत त्यांनी जिवंत माणसं उभी केली. शहरात गेल्यावर बोली लपवणाऱ्या पोरांना मी म्हणेन, ती तुमची खूण होऊ शकते, फक्त कामात जोर हवा.

वाक्य पोचतं कुणाच्या तोंडून

आता पसरण्याकडे येऊ. आपल्याला वाटतं, मामा, मेव्हणे, जिवलग मित्र नोकरीच्या बातम्या आणतील. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने अमेरिकेत बोस्टनजवळच्या न्यूटन शहरात ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना विचारलं, की ही ओळख किती दाट होती. १९७३ मध्ये त्याने उत्तर छापलं. नेहमी भेटणाऱ्याकडून बातमी मिळालेले १६.७ टक्के. अधूनमधून भेटणाऱ्याकडून ५५.६ टक्के आणि क्वचित भेटणाऱ्याकडून २७.८ टक्के.

कारण सोपं आहे. जवळचे लोक तुम्ही ज्या पारावर बसता त्याच पारावर बसतात. त्यांना जे ठाऊक ते तुम्हालाही ठाऊक. वर्षातून दोनदा भेटणारा जुना वर्गमित्र, एकदा मोटार दुरुस्त करून नेलेला परगावचा शेतकरी, बदलून गेलेले बँकेचे साहेब हे दुसऱ्या पारावर बसतात आणि तिथली खबर त्यांच्याकडे असते.

मात्र या पातळ ओळखीत तुमच्याविषयी जागा फार थोडी असते. मामाला तुमचं सगळं चरित्र पाठ आहे, बँकेच्या साहेबांच्या डोक्यात एकच ओळ मावते. ती ओळ धूसर असेल तर ते ऐन वेळी तुमचं नाव घेणार नाहीत. शिरूर कासार तालुक्यातल्या दहिवंडीचे शब्बीर सय्यद यांनी आयुष्य भाकड, म्हाताऱ्या गाईगुरांना सांभाळण्यात घालवलं. त्यांनी जाहिरात केली नाही. पण ‘दहिवंडीचे शब्बीर मामू, गुरं सांभाळतात, कसायाला विकत नाहीत’ एवढं वाक्य कुणालाही सांगता येत होतं, आणि २०१९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

‘सर्व प्रकारची कामे केली जातील’

हे सगळं एखाद्याच्या रोजच्या धंद्यात कसं उतरतं, ते जवळून बघू. समजा, गेवराईकडचा एक मुलगा आहे. आयटीआयमधून इलेक्ट्रिशियनचा ट्रेड केलेला. घराचं वायरिंग, मोटार, इन्व्हर्टर, सीसीटीव्ही, सगळं करतो. कार्डावर छापलंय, ‘सर्व प्रकारची इलेक्ट्रिक कामे केली जातील’. शंभर इलेक्ट्रिशियनांच्या कार्डावर हीच ओळ असते.

त्याने मागच्या वर्षीची वही उघडावी आणि बघावं, लोक लांबून कशासाठी आले? समजा, उत्तर निघालं सोलर पंप. हे पंप आता शिवारात सगळीकडे बसलेत आणि बंद पडले की शेतकरी गोंधळतो, कारण कंट्रोलरच्या पेटीला हात लावायला गावातला मिस्त्री धजत नाही. त्यातल्या कितीतरी तक्रारी मुळात बिघाडाच्या नसतात. विहिरीचं पाणी खाली गेलं की मोटार कोरडी फिरून जळू नये म्हणून कंट्रोलर ती आपोआप थांबवतो. पडद्यावर तशी खूण येते. शेतकऱ्याला वाटतं, पंप गेला. कधी पॅनलवर धुळीचा थर बसलेला असतो आणि पाणी कमी पडतं.

आता या मुलाने कार्ड बदललं, ‘सोलर पंप आणि कंट्रोलर दुरुस्ती’. बाकीची कामं तो करत राहीलच, घर चालवायचं आहे. पण सांगायची ओळ एक झाली. प्रत्येक कामानंतर पेटीच्या दाराच्या आतल्या बाजूला तो चिठ्ठी चिकटवतो. तारीख, काय झालं होतं, काय केलं, आपला नंबर. शेतकऱ्याला व्हॉट्सॲपवर दोन ओळी पाठवतो, ‘पाणी खाली गेल्यामुळे पंप थांबत होता. पाइप खाली सोडला. महिन्यातून दोनदा पॅनल पुसा.’ शेतकरी त्या ओळी जशाच्या तशा भावकीच्या ग्रुपवर टाकतो. वाक्य तयार होऊन परगावी निघालं.

शेवटची गोष्ट सगळ्यांत अवघड. पंप हमीच्या मुदतीत असेल तर तो पेटी उघडत नाही. ‘आधी कंपनीकडे तक्रार नोंदवा, मी फॉर्म भरून देतो’ असं सांगतो. त्या दिवसाचे पाचशे-हजार रुपये बुडतात. स्पेन्सची खूण ती हीच, कारण फसवणाऱ्याला हे परवडत नाही. त्या शेतकऱ्याच्या तोंडची ओळ पुढे दहा गिऱ्हाइकं आणते.

शिक्षिकेला, नर्सला, संगणक केंद्रावरच्या मुलीला हीच रीत लागू पडते. तपशील आपापले.

> चौकट: आपलं वाक्य शोधताना
> लोक तुमच्याकडे लांबून कशासाठी येतात, ते वहीत बघा. मनाने ठरवू नका.
> गाव, नाव आणि काम, एवढ्यात वाक्य बसलं पाहिजे.
> ‘मेहनती’, ‘प्रामाणिक’ हे शब्द काढा. त्या जागी पडताळता येईल अशी घटना घाला.
> केलेल्या कामावर तुमचं नाव, तारीख आणि नंबर राहू द्या.
> वर्षातून दोनदा भेटणाऱ्या माणसांना तुम्ही सध्या काय करता ते कळवत राहा.

नाव झाल्यावर

नावाला किंमत मोजावी लागते. बीड तालुक्यातल्या ताडसोन्याचे तुकाराम मुंढे हे भारतीय प्रशासकीय सेवेतल्या २००५ च्या तुकडीचे. नवी मुंबई, नाशिक, नागपूर या महापालिकांचे ते आयुक्त होते, पुण्याची पीएमपीएमएल त्यांनी सांभाळली. ते येणार अशी बातमी आली की ते रुजू होण्याआधीच कार्यालयात वेळेवर यायची धावपळ सुरू होते. पुढे पोचणारं नाव माणसाचं अर्धं काम आधीच करून टाकतं, ते असं. त्याच नावामुळे विरोधही माणसाआधी पोचतो. त्यांच्या बदल्या वीसहून अधिक झाल्या. त्यांच्या पद्धतीविषयी दोन मतं आहेत आणि असोत. पण ते काय करतील, याविषयी दोन मतं नाहीत. नावाचा पाया हाच असतो, की दुसऱ्याला तुमच्या वागण्याचा अंदाज बांधता यावा.

म्हणून न झेपणारं वाक्य पसरवू नये. मुलाखतीत फुगवून सांगितलेलं कौशल्य पहिल्या महिन्यात उघडं पडतं आणि मग उलट वाक्य तयार होतं. ते त्याच पातळ ओळखींतून तितक्याच वेगाने फिरतं.

कोयत्याला नाव नसतं

इथवर आपण असं धरून चाललो, की केलेलं काम करणाऱ्याच्या नावावर जमा होतं. बीडमधल्या लाखो माणसांच्या बाबतीत ते होतच नाही.

ऊसतोडीची रचना बघा. साखर कारखान्याचा करार मुकादमाशी. कारखाना मुकादमाला उचल देतो, मुकादम गावात येऊन ती टोळीत वाटतो. दिवाळीच्या सुमारास टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात निघतात, उन्हाळा लागता परततात. सगळा व्यवहार नावावर चालतो. ज्या मुकादमाची टोळी हंगाम अर्धवट सोडून येत नाही, त्याच्या शब्दावर कारखाना मोठी रक्कम पुढे करतो. मुकादमाचं नाव हीच त्याची पत.

आणि तोडणारे? हिशेबात नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’. टोळी किती कोयत्यांची, असं विचारतात. मोळी बांधण्यात कोण सफाईदार, जमिनीलगत तोडून उताऱ्याचं नुकसान कोण टाळतं, ट्रॅक्टरची ट्रॉली कुणाची नीट रचलेली असते, हे सगळं फडात ठाऊक असतं. फडाबाहेर ते कुठेच जात नाही. पंधरा हंगाम तोडणी केलेल्या बाईकडे आपल्या कौशल्याचा एक ओळीचाही पुरावा नसतो. तिच्या कष्टाचं वाक्य मुकादमाच्या नावात मिसळून जातं. तिला दुसरं काम धरायचं झालं, तर ती पुन्हा शून्यापासून सुरुवात करते.

नाव होण्याच्या यंत्रणेतली ही सगळ्यांत मोठी गळती आहे, आणि ती अंगातल्या गुणाने बुजत नाही. आधी नोंद लागते. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहे. ग्रामसेवकांमार्फत कामगारांची नोंदणी करून ओळखपत्रं देण्याची तरतूद आहे. तुमच्या घरातलं, भावकीतलं, गावातलं कुणी तोडणीला जात असेल तर ते ओळखपत्र निघालंय का, ते विचारा. नवरा आणि बायको दोघांचं वेगवेगळं निघालंय का, तेही बघा. जे मुकादम हा लेख वाचत असतील त्यांना विनंती आहे. यंदाच्या हंगामात वहीत ‘कोयते वीस’ असं लिहू नका. चाळीस नावं लिहा, आणि हंगाम संपल्यावर प्रत्येकाच्या नावापुढे त्याने आणि तिने किती टन ऊस तोडला, त्याची सही-शिक्क्याची चिठ्ठी द्या.